घरचा पेशंट

गेल्या चार महिन्यांत मला बावीस वेळा न्यूमोनिया झाला, अकरा वेळा पाय मोडला आणि एकदा तर मी चक्क बेशुद्ध पडलो. बेशुद्धी मला सगळ्यात आवडली, कारण तिच्यात बोलावं लागत नाही. हे सगळं आमच्या बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर, संध्याकाळी सहा ते सात, माझी भाजी चिरून झाली की. नर्स माझी बायको. परीक्षक आमची अकरा वर्षांची मुलगी: हातात स्टॉपवॉच, कानावर पेन्सिल आणि आईचे मार्क कापायला मिळताहेत याचा आनंद तोंडभर.

बायकोला मी सिस्टर म्हणतो. आमची सगळी गल्लीच तिला सिस्टर म्हणायची आणि मला सिस्टरचे मिस्टर. आता माझं लेडीज टेलरचं दुकान चांगलं चौदा वर्षांचं, पण पत्ता सांगताना लोक काय सांगणार? सिस्टरच्या मिस्टरांचं दुकान. मला त्याचा राग नव्हता. खोटं कशाला बोलू, थोडा होता.

पण बाईच्या हाताला यश, हे मान्य करावंच लागेल. एकोणीस वर्षं तिने मोठ्या दवाखान्यात काढली. वॉर्डात शिरली की पंचवीस खाटांवरून एकदा नजर फिरवायची आणि ज्याचं काही बिनसलंय नेमकी त्याच्याकडेच जायची. तिघींनी टोचून टोचून ज्याची शीर सापडली नाही, तो हिच्यासमोर ‘आई गं’ म्हणेपर्यंत सलाईन सुरूसुद्धा झालेलं असायचं. उशी सरळ करणं, कूस बदलून देणं, पाणी पुढे करणं, सगळं न बोलता आणि न विचारता. घरीही तीच तऱ्हा. मी एकदा शिंकलो की वाफेचं भांडं पुढ्यात. मुलगी शाळेतून आली की चप्पल काढायच्या आत हिला कळायचं, आज कोणाशी तरी वाजलंय.

परदेशी यायचंही असंच ठरलं. मी एका ब्लाउजची बाही जोडत होतो. सिस्टर दुकानात आली आणि म्हणाली की तिची निवड झाली, तिघांनी जायचं आहे, तारीखही आली. वर हेही म्हणाली की मशिनवर वाकून तुमची पाठ दुखतेच आहे, तिला जरा आराम पडेल. पाठ दुखत होती हे खरंच होतं, मग बोलणार काय, कपाळ? मी मूग गिळले आणि दुसरी बाही जोडायला घेतली. ती उलटी जोडली गेली. ब्लाउजवाल्या बाईंनी मला जे सुनावलं ते इथे सांगत नाही. महिन्याभरात मशीन चुलतभावाच्या घरी गेलं आणि आम्ही विमानात.

इथे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. सिस्टर हॉस्पिटलात, मुलगी शाळेत आणि मी घरात. धुणं, भांडी, स्वयंपाक, मुलीला सोडणं, आणणं. कामाला मी कधी नाक मुरडलं नाही. पण शेजारी जिन्यात भेटले की हसायचे आणि दार लावून घ्यायचे. ‘अहो टेलर, माझं झालं का?’ असं विचारायला कोणी म्हणून येत नव्हतं. ज्या ओरडण्याने मी चौदा वर्षं वैतागलो, तेच ऐकायला कान आसुसले होते.

त्यात ही परीक्षा. इथला नियम असा की बाहेरून आलेल्या नर्सने प्रात्यक्षिक परीक्षा पास व्हायची. तीन संधी. तिन्ही वेळा नापास झालं की नोकरी संपली, बिऱ्हाड गुंडाळा आणि घरी जा. पास होईपर्यंत ती फक्त मदतनीस. चादरी बदलायच्या, जेवण भरवायचं, पण सुईला आणि गोळीला हात लावायचा नाही. हिने ज्यांना हाताला धरून शिकवलं असतं, त्या वयाची नर्स हिला सांगायची की पाण्याचा जग उजवीकडे ठेवा. ही ठेवायची. घरी आल्यावर मात्र माझ्या हातातली भांडी ओढून घेऊन जरा जोरात घासायची.

परीक्षेत पेशंट म्हणून एक नट झोपवतात. पहिल्या वेळी सिस्टर गेली, त्याची उशी सरळ केली, हात धरला, नाडी पाहिली, पट्टा बांधून रक्तदाब घेतला आणि पंधरा मिनिटांचं काम सात मिनिटांत उरकून बाहेर आली. नापास. शेरा आला की रुग्णाची परवानगी घेतली नाही. नाडी बघायला परवानगी, हे वाक्य ती दोन दिवस घरभर म्हणत फिरत होती.

तेव्हापासून माझी आजारपणं सुरू झाली. मी झोपायचं, तिने हात धुतल्याचं नाटक करून नाव विचारायचं, मग ‘हात धरू का’, ‘पट्टा बांधू का’ असं प्रत्येक गोष्टीला विचारायचं आणि मी हो म्हणायचं. सगळं इथल्या भाषेत, बरं का. मला इथली भाषा तेवढीच येते, म्हणजे मी आजारी पडलो तरच चार लोकांत बोलू शकतो.

दुसऱ्या वेळी तिने सगळं विचारलं, काही म्हणजे काही सोडलं नाही. तरी नापास. शेरा काय, तर रुग्णाशी संवाद अपुरा. मग सिस्टर आणखी भरभर बोलायला लागली. आणखी चार वाक्यं पाठ केली. मुलीने कागदावर खुणांचे नवे चौकोन आखले. सोफ्यावर पडल्या पडल्या मला मात्र चूक कुठे आहे ते स्वच्छ दिसत होतं.

सिस्टर विचारायची, पण थांबायची नाही. ‘हात धरू का’ म्हणेपर्यंत हात धरलेला असायचा. माझा ‘हो’ मागून धापा टाकत यायचा. हे मला कळणार नाही तर कोणाला? मी लेडीज टेलर. गळा किती खोल, बाही कुठवर, हे विचारल्याशिवाय मी टेप उचलत नाही. आणि विचारल्यावर बाई ‘अं’ म्हणाली की थांबायचं, कारण खरं माप त्या ‘अं’मध्ये असतं. घाई केली की ब्लाउज परत आलाच म्हणून समजा.

हे मी तिला सांगितलं नाही. चार महिने सांगितलं नाही. मला परत जायचं होतं, आणि ती तिसऱ्यांदा नापास झाली की काही न बोलता माझं काम होणार होतं. मनातल्या मनात मी रोज दुकानाचं शटर वर करत होतो. मी असा माणूस आहे, हे मलाही तोवर ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या परीक्षेला नऊ दिवस राहिले असताना ती ओळखपत्र घरी विसरली, ते द्यायला मी हॉस्पिटलात गेलो. वॉर्डाच्या दाराशीच थबकलो. एका म्हाताऱ्या गृहस्थांना एक तरुण नर्स सुई लावत होती. दोनदा चुकली, तिसऱ्यांदाही चुकली. आजोबांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. पलीकडे सिस्टर पाण्याचा जग धरून उभी होती. तिला शीर कुठे आहे ते दिसत होतं, मी पैजेवर सांगतो. मोकळ्या हाताची तिची बोटं एप्रनवर हलत होती. मग तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. एकोणीस वर्षांत तिने पेशंटकडे पाठ केलेली मी पाहिली नव्हती. ओळखपत्र टेबलावर ठेवून मी जिन्याने खाली उतरलो आणि स्वतःला चार शिव्या घातल्या.

त्या संध्याकाळी मला तेविसावा न्यूमोनिया झाला. सिस्टरने नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. मग विचारलं की रक्तदाब तपासू का.

“नाही,” मी मराठीत म्हणालो.

पट्टा माझ्या दंडाला बांधून झाला होता आणि ती फुगा दाबत होती.

“आई,” मुलगी म्हणाली, “बाबा नाही म्हणाले.”

पट्ट्यातली हवा फुस्स करून गेली. सिस्टर माझ्याकडे बघत राहिली. मी उठून बसलो आणि सगळं सांगून टाकलं. चूक कुठे होते, मला ती कधीपासून दिसते आणि मी गप्प का बसलो, तेही.

“मला इथे यायचं नव्हतं, सिस्टर,” मी म्हणालो. “तू विचारलंच नाहीस.”

ती चिडली, आणि का चिडू नये? चार महिने मला तोंडघशी पाडलंत, म्हणाली, आणि त्या रात्री सगळी भांडी फारच जोरात घासली. पण दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला स्टूल घेऊन समोर बसली. रक्तदाब तपासू का, असं विचारलं आणि थांबली. मीही खडूस, मुद्दाम छताकडे बघत बसलो. तिचे हात आपोआप पुढे यायला लागले तशी तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मुलीने वेळ मोजली. सव्वीस सेकंदांनी मी हो म्हणालो.

तिसऱ्या परीक्षेत तो नट लबाड निघाला. ‘हात धरू का’ विचारल्यावर गप्पच बसला. सिस्टर हात मांडीखाली घालून बसून राहिली, त्याला वाटलं असेल बाईला थंडी वाजतेय. पास झाली. शेरा होता, रुग्णाचं उत्तम ऐकते. मुलीने तो कागद भिंतीला चिकटवला.

पाठोपाठ तीन वर्षांचा करार आला. सिस्टरने तो टेबलावर ठेवला, टोपण न काढता पेन त्यावर ठेवलं, मोरीत जाऊन या वेळी खरोखरच हात धुऊन आली आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसली.

“मी सही करू का?” तिने विचारलं. “तुम्हाला चालेल?”

आणि हात मांडीखाली घातले.

चार महिने जपून ठेवलेलं ‘नाही’ माझ्या जिभेवर तयार होतं. मी तिच्याकडे बघितलं आणि मला कळलं की मी नाही म्हटलं तर ही खरंच सही करणार नाही. मदतनीस नव्हे, आता पुरती नर्स झालेली बाई, उठून कपाटावरच्या बॅगा काढेल. मुलगी पेन्सिल चावत बसली होती. स्टॉपवॉच तिने हातात घेतलंच नव्हतं.

“कर सही,” शेवटी मी म्हणालो. “पण ती उजेडाची खिडकी माझी. कपडे वाळत घालायचा स्टँड आत न्यायचा. मला मशीन हवंय.”

तिने मान हलवली, पण पेनाला हात लावला नाही.

“मशीन कसं ठेवायचं? खिडकीकडे तोंड करून की पाठ करून?”

“अं,” मी म्हणालो.

ती थांबली.