फुटपाथवरचा म्हातारा

हॉलसाठी चित्र घ्यायला आम्ही ओळखीच्या चित्रकाराकडे गेलो. तेलरंगात शहरातली थंडीची सकाळ होती. मी सवयीने मोजलं: सात इमारती, बावीस बंद खिडक्या आणि फुटपाथवर पोतं पांघरलेला एक म्हातारा.

"इथेच खाली बसायचा," चित्रकार म्हणाला. "परवा थंडीनं गेला."

"अगंबाई! पण भाऊजी, रोज जेवताना हा समोर नको हो," बायको म्हणाली.

"रंग ओलाच आहे, वहिनी." त्याने टर्पेंटाइनची चिंधी फिरवली. चार फटकाऱ्यांत म्हातारा पुसला गेला आणि तिथे धुकं आलं.

आपल्याला थंडी पाहायला आवडते. फक्त ती सोसणारा दिसायला नको असतो.

"आता बरं दिसतंय," मीच म्हणालो.