संस्था बाई नाही

मोफत वकील देणाऱ्या कार्यालयातला तो बाबू आठवला की अजून माझं तोंड कडू होतं. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसावर निदान मनसोक्त चिडता येतं. हा नुसता समाधानी होता, आणि समाधानी सरकारी माणसाइतकं निरुपयोगी मी काही पाहिलेलं नाही.

आम्ही गावातल्या दहा-बारा बायकांनी मिळून रीतसर नोंदणी करून संस्था काढली होती. मी सचिव. संस्थेच्या नावावर मिरची कांडपाची मशीन होती आणि उन्हाळ्यात पार वडनेर भोलजीपासून लोक मिरची घेऊन यायचे. मशीन भाड्याच्या गोदामात होती. ते गोदाम एका कंपनीनं विकत घेतलं, एके सकाळी स्वतःचं कुलूप ठोकलं आणि कळवलं, की आत जे आहे ते गोदामाबरोबर आमचं झालं. कंपनी म्हणजे तरी कोण, तर दारावरची एक पाटी आणि फोन न उचलणारा मॅनेजर.

कोर्टात जायचं तर वकील हवा, कोर्टाची फी हवी. मशीन अडकल्यापासून संस्थेच्या खात्यात खडखडाट होता. गरिबांना सरकार वकील देतं, फीचंही बघतं, आणि बायकांना तर उत्पन्नसुद्धा विचारत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून मी आणि आमच्या अध्यक्ष मावशी अर्ज घेऊन गेलो.

"अर्जदार कोण?" बाबूनं विचारलं.

"संस्था."

"संस्था काही बाई नाही, मॅडम."

"सगळ्या सभासद बायकाच आहेत."

"त्या आहेत. संस्था नाही."

मग म्हणाला, गरीब म्हणून अर्ज करायचा तर तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणा. तहसीलमध्ये रेशन कार्ड मागितलं. संस्थेचं. मी म्हटलं, ती जेवत नाही, तिचं रेशन कार्ड कुठून आणू? तिथला माणूस म्हणाला, "जेवतच नाही, तर गरीब कशी?" आणि शेजारच्या टेबलाकडे बघून हसला. यांना पगार बहुधा अशा विनोदांचाच मिळतो.

याच संस्थेला पॅन कार्ड देताना, तिच्या नावानं विजेचं बिल फाडताना कुणाच्या मनात शंका आली नव्हती. घेताना ती माणूस आणि द्यायची वेळ आली की कागद. कंपनीचा वकील तर काळा कोट घालून तयारच होता. त्या कंपनीला कुणी विचारलं नाही, की बाई, तू जेवतेस का.

पुन्हा बाबूकडे गेलो. आता त्यानं मेहेरबानी केली. म्हणाला, "संस्था बंद करा. मशीन एकीच्या नावावर करा. तुमच्याच करा ना. बाई म्हणूनही वकील मिळेल, जातीच्या दाखल्यावरही मिळेल."

खरं सांगते, मला ते पटलं. परतीच्या एसटीत मी मावशींनाही पटवत होते. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या, हो म्हणाल्या नाहीत की नाही म्हणाल्या नाहीत.

रात्री जेवताना मी हे नवऱ्याला सांगितलं. हा गृहस्थ मशीन आल्यापासून एकदाही तिकडे फिरकला नव्हता. आमच्या कामाला 'बायाईचे उद्योग' म्हणायचा. त्याचा हात ताटातच थांबला.

"मंग तुह्याच नावावर घे ना. मी येतो कोर्टात. मोताळ्याले एक जण जुन्या मशिनी घेऊन राह्यला. भाव चांगला देते."

अजून कुलूप निघालं नव्हतं आणि याचं गिऱ्हाईक तयार होतं. मला त्याची किळस आली. मावशी एसटीत गप्प का होत्या, तेही तेव्हा कळलं. त्यांच्या नावावर एक शिलाई मशीन होती. त्या चार दिवस माहेरी गेल्या तेव्हा त्यांच्या नवऱ्यानं ती विकून टाकली. नंतर कांडपाची मशीन घ्यायची ठरली, तेव्हा ती कुणा एकीच्या नावावर नको, संस्था नोंदवा, असा हट्ट त्यांनीच धरला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाबूला सांगितलं, अर्ज संस्थेच्याच नावानं राहील.

"मग वकील मिळणार नाही," तो म्हणाला. "एका नावानं काय फरक पडतो?"

मावशी म्हणाल्या, "साहेब, आमच्यात ते संस्था एकलीच अशी हाये, जिले नवरा नाही. कंपनीवर आज ना उद्या केस तरी करता येईन. नवऱ्यावर कोन करते?"

तो कसनुसा हसला आणि अर्जावर नामंजूरचा शिक्का मारून त्यानं पुढच्या माणसाला बोलावलं.

घरी आले तर नवरा दारातच उभा होता. मशीन शेवटी कोणाच्या नावावर केली, त्यानं विचारलं.

मी म्हटलं, होती तिच्याच.