गाईने न खाल्लेली ओढणी

ती ओढणी गाईने खाल्ली नव्हती. मी कचऱ्याच्या गाडीत टाकली होती. हे आजवर मी कोणालाच सांगितलेलं नाही.

मुलगी दोन वर्षांची असताना बायको शिक्षिकेच्या ट्रेनिंगला महिनाभर रायपूरला गेली. जाताना आपली जुनी सुती ओढणी माझ्या हातात दिली. "उशाशी ठेवजा. धुवू नका, वास गेला तं पोरगी झोपणार नाही." मुलगी ती तोंडाशी धरून कारखान्याच्या क्वार्टरभर फिरायची. शेजारी म्हणाले, "काय हो, घरी खेळणं नाही काय? पोरगी चिंधी घेऊन हिंडून राहिली!" तेवढ्यानं मला लाज वाटली आणि एका सकाळी मी काम उरकलं.

दोन दिवस ती रडली. तिसऱ्या दिवशी गप्प झाली. प्लांटमध्ये मी ऐटीत सांगितलं, सवय मोडली. बायको परतली, तेव्हा मुलीनं पाहुण्याकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहिलं. ओढणी गाय खाऊन गेली, असं मी सांगितलं. बायको हसली, "गाईले माहीच ओढणी गोड लागली काय?"

मुलगी आता पंचविशीत आहे. जवळचं माणूस सोडून जाईल या भीतीनं आधी तीच सोडते. ठरलेली दोन लग्नं मोडली. गेल्या महिन्यात आम्ही दोघं दुर्गला समुपदेशकाकडे गेलो. ट्रेनिंगचं ऐकून त्यांनी समजावलं, दिसेनाशी झालेली आई मनात धरून ठेवायला मूल हळूहळू शिकतं. तोवर एखादं फडकंही तिच्या जागी आधार देतं. आणि लगेच बायकोकडे वळले. "माताजी, आप बच्ची को छोड़कर कितने दिन गई थीं?"

मला विचारलं ते एवढंच, की दारातली स्कूटर तुमची का, जरा बाजूला घ्या.

अरे, तो महिना घरात कोण होतं? बाप म्हणजे काय घरातलं कपाट? जिनं मानसशास्त्राचं एक पान न वाचता नेमकं तेच फडकं मागे ठेवलं, तिचीच उलटतपासणी? एका ओढणीनं आयुष्य बिघडतं, असं मी म्हणत नाही. पण विचारा तरी! आणि न विचारता बोलायला माझी जीभ काय झडली होती?

परतताना बोरसीजवळ बायको म्हणाली, "माहंच चुकलं. नोकरीच्या मांगं लागली मी."

मी म्हणालो, "सोड न आता."

तिचं काही चुकलं नव्हतं. हे मुलीसमोर, बायकोच्या तोंडावर सांगणं मी अजून देणं लागतो.