शेजारच्या लेकराची नोंद

भेटलेल्या माणसाला सगळ्यात आधी त्याचा श्वास किती आहे हे विचारणारा माणूस साऱ्या परभणी जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझा साडू होता. इतर लोक खुशाली विचारतात, साडू पिशवीतून एक प्लॅस्टिकची नळी काढत आणि म्हणत, "फुंका." नळीवर आकडे होते, आणि फुंकर मारली की एक लाल काटा पुढे सरकत असे. मानवतला आमच्या पुतणीच्या लग्नात त्यांनी ही नळी नवरदेवाच्या वडिलांपुढे धरली. व्याह्यांनी डोळे मिटून, सगळा जोर लावून फुंकलं. मग विहीणबाईंनी सहज फुंकलं आणि काटा व्याह्यांच्या बराच पुढे गेला. व्याही पंगतीत शेवटपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. मी साडूंना बाजूला घेऊन रागावलो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, मी काय केलं? काट्यानं केलं."

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून त्यांनी आयुष्य काढलं होतं. निवृत्तीनंतर मुलांच्या एका डॉक्टरबाईंनी त्यांना आपल्या संशोधनाच्या कामाला लावलं. दमा असलेल्या मुलांचा दमा आटोक्यात असला तर लसीनं दिलेली ताकद त्यांच्या रक्तात नीट टिकते का, आणि नसला तर काय होतं, हे बाईंना शोधायचं होतं. त्यासाठी दोन गोष्टी लागत: मुलांचं थोडं रक्त, आणि मूल रात्री खोकलं का, झोपेतून उठलं का, याची आईनं रोज एका कार्डावर केलेली खूण. साडूंकडे बोरी गाव होतं. दर गुरुवारी ते एस.टी.नं जात. नर्सबाई सोबत असल्या की मुलांची भीती जावी म्हणून पहिली सुई स्वतःच्या दंडात टोचून घेत. माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "यांच्या दंडातून आता पीठ चाळून घ्यावं."

रक्ताच्या नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवून परत आणायच्या असत. एस.टी.त बसायला एकच जागा मिळाली तर ती डब्याची. साडू उभे राहात, आणि खड्डा आला की डब्यावर असा हात ठेवत जसा पोर झोपेतून दचकू नये म्हणून ठेवतात. एकदा मी बरोबर होतो. कंडक्टर म्हणाला, "काका, डबा सीटवर ठेवायचा तर तिकीट काढा त्याचं."

"काढतो की. हाफ द्या."

"हाफ कशाचं?"

"आत समदी लेकरंच हायत."

कंडक्टरनं त्यांच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि तिकीट न फाडता पुढे गेला.

धुराशी त्यांचं हाडवैर होतं. कोणाच्याही घरात शिरताना ते आधी नाक पुढे करून हुंगत. चूल, डासांची अगरबत्ती, उसाच्या पाचटाचा जाळ, कापसाची भुकटी, सगळ्यांची वहीत नोंद होई. आमच्या घरी पूजा चालू असताना त्यांनी दोन बोटांनी उदबत्ती विझवली. माझी पत्नी संतापली. ते म्हणाले, "ताई, देवाला दमा न्हाई. पूजा करणाराला असतो." स्वतः मात्र कपाळभर विभूती लावत. त्यावर कुणी टोकलं तर म्हणत, "हिचा धूर आधीच निघून गेलाय." असं सांगताना ते हसत नसत. ते विनोद करत आहेत की संशोधन, हे मला पुष्कळदा कळलं नाही.

मी हे लिहायला बसलो ते मात्र बोरीत जे झालं त्यासाठी.

बोरीतली कार्डं फार चांगली येत होती. कुठलंच मूल खोकत नव्हतं, कुणाची झोप मोडत नव्हती. डॉक्टरबाई खूश होत्या. साडूंना मात्र त्यांचा तो काटा सतावत होता, कारण कार्डावर ठणठणीत असलेली नऊ वर्षांची कावेरी नळीत फुंकायला लागली की काटा निम्म्यावरच अडायचा. एका गुरुवारी ते कावेरीच्या शेजारणीकडे, शांताबाईंकडे चहा पीत बसले होते. शांताबाईंचा बाळूही दमेकरी. साडूंनी विचारलं, बाळू कसा आहे?

"आमचा बाळू बेस हाय, काका. त्या कावेरीचं बगा. रातभर छाती वाजायलीय तिची, भिंतीतून ऐकू येतंय."

साडू उठून कावेरीच्या घरी गेले. कावेरीची आई म्हणाली, "आमची कावेरी बेस हाय. बाळूचंच अवघड हाय, लय धापतंय लेकरू."

कागद घेऊन दारात आलेल्या माणसाला आपल्या लेकराचं वाईट सांगायचं नाही, दृष्ट लागते. आणि मुलगी असली तर पुढे लग्नाच्या वेळी कुणीतरी ते आठवून सांगतं. शेजारच्या लेकराला हा नियम नव्हता. साडूंनी त्याच दिवशी कार्डांची अदलाबदल केली. बाळूचं कार्ड कावेरीच्या आईकडे, कावेरीचं शांताबाईंकडे, असं सगळ्या गल्लीत. तीन आठवड्यांत कार्डं काळी झाली. खुणांनी बायकांचं भागेना, समासातही मजकूर येऊ लागला. कावेरीच्या कार्डावर शांताबाईंनी लिहिलं होतं: "दोनदा उठली. दम्याचा पंप पेटीत कुलपात ठेवला आहे. पाहुणे बघतील म्हणून."

साडू ते कार्ड घेऊन माझ्याकडे आले. मी वाचलं आणि म्हणालो, "छान युक्ती केलीत." ते म्हणाले, "युक्ती कशाची, भाऊ. बाईंच्या यादीत ही पोरगी 'आटोक्यात' म्हणून बसलीय. औषध वाढवणार न्हाईत तिचं. अन् घरचे हाय ते पण देईनात. एखाद्या दिवशी श्वासच अडकायचा तिचा." त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदा भीती ऐकली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरबाईंपुढे कार्डांचे दोन गठ्ठे ठेवले. "बाई, हे खोटे हायत. अन् हे खरे हायत, पण मी चोरून मिळवलेत." बाई फार रागावल्या, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. एकाच्या मुलाचा आजार दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. बोरी संशोधनातून वगळली गेली, साडूंचं काम सुटलं. पण त्याच आठवड्यात बाई स्वतः बोरीला गेल्या, प्रत्येक मुलाची छाती तपासली, आणि कावेरीचं औषध बदललं.

औषध बदललं तरी पंप पेटीतच होता. साडू माफी मागायला गेले तेव्हा कावेरीची आई ओट्यावरून ओरडली, "आमच्या पोरीची गल्लीभर बदनामी केली तुमी! उद्या हिला कोण करून घेईल?" साडू हात जोडून उभे राहिले. पुढच्या गुरुवारी पुन्हा गेले. आता काम नव्हतं, कार्ड नव्हतं. ते समोरच्या ओट्यावर बसले आणि भरल्या गल्लीत स्वतःची दुखणी सांगू लागले. गुडघा, मूळव्याध, रात्री चारदा उठावं लागतं, दातांची कवळी खालची बसत नाही. बायका पदर तोंडाला लावून हसत. दर गुरुवारी नवं दुखणं. मेहुणी म्हणाली, "घरी विचारलं तर काही होत न्हाई म्हणतात, अन् बोरीत जाऊन सारं अंग उघडं करायलेत." कितवा गुरुवार होता ते त्यांनी वहीत लिहिलं नाही, पण एकदा ते कंबरेचं सांगत असताना कावेरीची आई भाजी निवडता निवडता, खाली बघून म्हणाली, "आमची बी काल दोनदा उठली."

साडू म्हणाले, "मग पंप दिला का?"

"देते आता."

हे त्यांनी आमच्या घरी येऊन सांगितलं. मग चष्मा पुसला आणि माझ्या पत्नीला म्हणाले, "ताई, चहात आलं घाला."

साडू गेले त्याला आता चार महिने होतील. सकाळी आंघोळ करून बसले होते, तसेच गेले. बोरीला कुणी कळवलं नव्हतं. मेहुणी म्हणाली, त्या बायका वाट बघत असतील. म्हणून एका गुरुवारी मी गेलो आणि ओट्यावर बसून सांगितलं. कावेरी शाळेतून आली, दप्तर आत टाकून पळत खेळायला गेली. तिच्या आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सोमवारी एकदा उठली. पंप दिला, मग निजली. मंगळवारी न्हाई. काल उलीसं खोकली." मग शांताबाईंनी बाळूचं सांगितलं. मग आणखी एकीनं. मी काही विचारलं नव्हतं. मी पुस्तकात डोकं घालून बसणारा माणूस. मी नुसती मान हलवत राहिलो. सगळ्यांचं सांगून झालं तेव्हा कावेरीच्या आईनं विचारलं, "आता हे कुणाला सांगावं?"

मी म्हणालो, "डॉक्टरबाईंना सांगत जा."

"बाईन्ला तर सांगतेच की," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.