पाच गुणांचा प्रश्न आणि सौंसरच्या काकू

पांढुर्ण्याच्या कॉलेजात मी सहा वर्षं एक प्रश्न शिकवला: 'पारंपरिक वेब अ‍ॅप्लिकेशनपेक्षा रिच इंटरनेट अ‍ॅप्लिकेशनचे फायदे लिहा, पाच गुण.' मी नोट्स वाचायचो, पोरं उतरवून घ्यायची. त्यातला एकही फायदा त्यांनी किंवा मी डोळ्यांनी पाहिला नव्हता.

मग समाजाच्या परिचय मेळाव्यासाठी वधू-वरांची साइट बनवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी सोपा मार्ग धरला, म्हणजे जुना, नोट्समधला 'पारंपरिक'. काहीही निवडलं की पान पांढरं व्हायचं आणि पुन्हा पहिल्यापासून यायचं.

पहिल्या आल्या त्या सौंसरला आमच्या घराशेजारी राहणाऱ्या काकू. संत्र्याचा बगीचा एकट्या सांभाळणाऱ्या. व्यापारी त्यांच्याशी भाव करताना दोनदा विचार करत. लेक नागपूरला नोकरीला होती, सुट्टीवर आली होती. तिला बाजूला बसवून काकूंनी माझ्या कॉम्प्युटरवर तिची माहिती एका बोटानं भरली. नाव, शिक्षण, उंची पाच फूट एक. शेवटी जिल्हा निवडला आणि पान गेलं. सोबत सगळी माहितीही गेली.

"काहून रे? कुठं गेलं?"

"काकू, पान परत आलं. पुन्हा भरा."

दुसऱ्यांदा उंची पाच फूट दोन झाली. या वेळी मोबाइल नंबरात एक आकडा कमी पडला. 'माहिती चुकीची आहे' एवढंच सांगून साइटनं फॉर्म कोरा केला. नेमकी कोणती, ते तिनं सांगितलं नाही. तिसऱ्यांदा काकूंनी पाच फूट चार लिहिलं.

लेक म्हणाली, "आई, अजून एकदा पान गेलं तर मी दारातून आत नाही मावायची."

काकू माझ्याकडे वळल्या. "तू कालेजात हेच शिकवते का पोट्ट्यायले? अरे, माही म्हैस बी एकदा सांगितलेलं ध्यानात ठेवते!"

मला भयंकर लाज वाटली. दिवाळीच्या सुट्टीत मी साइट पाडून नोट्समधल्या 'रिच' पद्धतीनं नव्यानं बांधली. आता जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी तेवढी बदलायची, बाकी पान जागचं हलायचं नाही. चूक जिथल्या तिथं लाल व्हायची. वीज गेली तरी भरलेलं ब्राउझरमध्ये जपून राहायचं. आपल्याच नोट्स खऱ्या निघाल्याचं पाहून मला धक्का बसला.

नव्या साइटवर काकूंनी पाच फूट चार पुन्हा भरलं आणि बगीच्यात गेल्या. अर्धा फॉर्म तसाच राहिला. दिवाळीला घरी आलेल्या लेकीनं तो उघडला, उंची परत पाच फूट एकवर आणली आणि खाली लिहिलं, 'स्वयंपाक येत नाही, शिकायची इच्छाही नाही.' आणि पाठवून दिला.

"सत्यानाश करून राहिली ही!" काकू दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या एका शाळामास्तरचा फोन आला. ती ओळ वाचून तो हसला होता, आणि स्वयंपाक त्याला येत होता. वैशाखात लग्न झालं. जोडपं जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन घेऊन आलं, तेव्हा मीही काकूंकडे जेवायला होतो. जावयानं पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा केला होता. काकूंनी दोनदा वाढून घेतला आणि मग मला हळूच विचारलं,

"साइटवर तक्रार कुठं लिहायची रे? मीठ कमी हाये."