दोन कानटोप्या
गेल्या महिन्यापासून डांबरगोळ्यांचा वास आला की मला अकोल्यातली ती मे महिन्यातली दुपार आठवते. हिमाचलातल्या एका बर्फाच्या गावी, जिथे लोक हिवाळ्यात स्कीइंगला जातात, तिथल्या हॉटेलात मला रिसेप्शनची नोकरी लागली होती आणि सकाळपर्यंत कळवायचं होतं. आई जाऊन वर्ष झालेलं, घरात मी आणि बाबा दोघंच. ते उन्हातून आले तेव्हा दुपट्ट्याने कान घट्ट बांधलेले होते, खिशात ऊन लागू नये म्हणून ठेवलेला कांदा. कूलरच्या ओल्या वाळ्यासमोर ते टेकले तसं मी सांगून टाकलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तिथं बी कान बांधा लागते काय, बाई?" मी म्हटलं, "लागते नं. इथल्यापेक्षा जास्तच." ते पुन्हा दुपट्टा बांधून त्याच उन्हात बाहेर पडले. एकटं राहायची भीती त्यांना बोलून दाखवता येत नाहीये, असं मी धरून चालले आणि सकाळी फोन करून नाही म्हणून सांगितलं. "काहून?" त्यांनी विचारलं. "तुमच्यासाठी, बाबा." "बरं," म्हणत ते कूलरमध्ये पाणी ओतायला उठले. पुढे कितीतरी वर्षं हा त्याग मी मनातल्या मनात त्यांना ऐकवत आले. गेल्या महिन्यात बाबा गेले. त्यांची पेटी उघडली, तर तळाशी, डांबरगोळ्यांमध्ये, त्याच मे महिन्यातल्या पेपरात गुंडाळलेल्या दोन कोऱ्या कानटोप्या निघाल्या. एक माझ्या मापाची आणि एक त्यांच्या.