टाकीवरची पाच बोटं

स्प्रेच्या रंगाचा वास आला की सिडकोतल्या आमच्या सामाईक गच्चीवरचं ऊन आठवतं. मोटारसायकलची टाकी विटांवर ठेवून मी काळा रंग मारत होतो. पलीकडं खालच्या काकूंच्या कुरडया वाळत होत्या. त्या उचलायला सांगावं, असं मनात येऊनही मी खाली उतरलो नाही. गच्ची माझीही होती. वाऱ्यानं रंग उडाला आणि पांढऱ्या कुरडया करड्या झाल्या. काकू वर आल्या, बघितलं. "लई हौस हाय ना रंगाची?" म्हणत त्यांनी ओल्या टाकीवर अख्खा हात दाबला. ओठावर आलेली माफी मी गिळली. टाकी पुन्हा कधीच रंगवली नाही. अजूनही रोज गाडी त्यांच्या दारासमोरच लावतो, टाकीवर उमटलेली ती पाच बोटं त्यांच्याकडं करून.